मागून घेतलेली दीक्षा

आमच्या घरात काळाचे दोनच भाग आहेत: दीक्षेच्या आधीचा आणि दीक्षेनंतरचा. आजी, म्हणजे माझ्या वडिलांची आई, कुठलीही जुनी गोष्ट सांगायला बसली की आधी तेवढं स्पष्ट करते. दुसऱ्यांच्या विहिरीवर ताटकळणं, ते आधीचं. शाळेची पाटी, ते नंतरचं. ती दहा-बारा वर्षांची असताना देवगाव रंगारीकडच्या तिच्या गावातल्या आख्ख्या वस्तीनं बुद्धधम्माची दीक्षा घेतली आणि तिच्या वडिलांनी घरातले देव टोपलीत भरून नदीत सोडले. ती टोपली आजीच्या डोक्यावर होती, हे ती अजून छाती पुढं काढून सांगते. टोपलीचं वजनही सांगते, आणि ते दर वेळी वाढत जातं.

मी शहरातल्या एका शाळेत मराठी शिकवते. शब्द दिसला की तो उलटापालटा करून बघायची मला खोड आहे आणि घरचे तिला कंटाळलेत. शब्दकोशात दीक्षा म्हणजे व्रत, संस्कार, यज्ञाला बसण्याआधी यजमानानं पाळायचा नियम. आमच्या गल्लीत मात्र हा शब्द कुठंही चालतो. कुणी तंबाखू सोडली की ‘दीक्षा घेतली वाटतं’. नवा नवरदेव भाजी निवडताना दिसला तरी तेच. माझ्या जवळजवळ प्रत्येक वर्गात या नावाची एखादी मुलगी असते आणि बहुतेक वेळा तीच सगळ्यात जास्त बडबड करते. पण आजीसमोर या शब्दाची थट्टा चालत नाही. तो उच्चारण्याआधी ती डोक्यावरचा पदर सारखा करते.

आणखी एक शब्द होता, जो आमच्या घरात कुणी वापरायचं नाही. तो मला अपघातानं कळला. मी दहावीत होते. पाहुण्यांसमोर ऐटीत म्हणाले, “मी आता अभ्यासाला वाहून घेतलंय.” आजी जेवत होती. तिनं हातातला घास ताटात ठेवला.

“वाहून घिऊ नको,” ती म्हणाली. “अभ्यास कर. लई कर. पण वाहून घिऊ नको.”

चारचौघांत ती अशी बोलली म्हणून मी भडकले आणि ताट सरकवून उठले. माझं डोकं तेव्हाही लवकर तापायचं. फुलं वाहतात, नारळ वाहतात, पुस्तक कुणाच्या आठवणीला वाहतात. त्यात एवढं घास टाकण्यासारखं काय आहे, हे मला पुढं वीस-बावीस वर्षं कळलं नाही. खरं सांगायचं तर मी विचारलंही नाही.

आता आईबद्दल सांगते. आई शेंद्र्याच्या एका कारखान्याच्या कँटीनमध्ये पोळ्या करायची. उभ्यानं, एकामागून एक, पाळी संपेपर्यंत, आणि हे तिनं पंचवीसेक वर्षं केलं. घरी येऊन पुन्हा आमच्या पोळ्या. तिला कशाची हौस आहे असं कुणी विचारलं नाही, कारण तिची एकच हौस सगळ्यांना दिसत होती: तिचे केस. कमरेच्या खूप खाली जाणारे, साठीला टेकल्यावरही अर्धे काळे. रविवारी न्हाऊन ती अंगणात पाठीवर केस पसरून बसायची. तेवढा वेळ तिच्याकडे पाणीसुद्धा मागायचं नाही, असा दंडक होता. माझ्या वडिलांनी तो मोडायचा एकदा प्रयत्न केला होता, पुन्हा केला नाही.

मागच्या वर्षी तिची नोकरी संपली. त्यानंतर काही आठवड्यांनी ती विहारातून आली, चपला काढल्या आणि उभ्या उभ्याच म्हणाली, “लेण्यांच्या डोंगराखालच्या विहारात बायकांसाठी श्रामणेरी शिबिर आहे. मी दीक्षा घेणार.”

आमच्या गल्लीतल्या निम्म्या पुरुषांनी कधी ना कधी ही दहा दिवसांची दीक्षा घेतलेली आहे. डोक्याचं मुंडन करायचं, चीवर घालायचं, नवं नाव घ्यायचं, दहा शीलं पाळायची, भिक्षेत मिळेल ते दुपारच्या आत खायचं. दहा दिवस झाले की चीवर परत द्यायचं आणि घरी यायचं. लग्नाआधी वडीलही असे दहा दिवस भन्ते होऊन आलेले. बायका मात्र बहुतेक पांढरी साडी नेसून उपासिका शिबिराला जातात, डोकं भादरून घेणाऱ्या थोड्याच. आणि त्यात माझी आई, एवढ्या केसांची.

“अगं, पण जेवणाचं कसं?” वडिलांचा पहिला प्रश्न.

“तुम्ही भन्ते झालात तेव्हा भिक्षा मागायला शिकला होतात ना?” आई म्हणाली. “तेच करा.”

वडील हसले आणि त्यांनी अर्जावर सही केली. अर्जावर दोन ठिकाणी संमती हवी होती, एक नवऱ्याची आणि एक आईवडिलांची. वडील म्हणाले, तुझे आईवडील आता नाहीत, ती जागा कोरी सोड. आई म्हणाली, “कोरी कशाला? आत्याबाई आहेत.” ती सासूला आत्याबाई म्हणते.

आजीनं अर्ज हातातही घेतला नाही. “नाय,” ती म्हणाली.

“आत्याबाई, दहाच दिवस.”

“तेबी दोनच दिस म्हणले व्हते.”

हे ‘ते’ कोण, कुणाला काही कळेना. आजी भिंतीकडे तोंड करून पडली. जिनं देवांची टोपली डोक्यावर वाहून नेली, दीक्षा म्हणताना जी पदर सावरते, तीच बाई सुनेला दीक्षेला नाही म्हणत होती. माझ्या डोक्यात लगेच सासूपणाची सगळी जुनी प्रकरणं उभी राहिली आणि दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी भांडायच्या तयारीनंच तिच्याकडे गेले.

ती ओट्यावर लसूण सोलत बसली होती. मी तोंड उघडायच्या आत म्हणाली, “बस. तुला सांगते. तुह्या आईला सांगायला मपली जीभ उचलंना.”

तिला एक मोठी बहीण होती. हे आम्हाला, तिच्या नातवंडांना, माहीतच नव्हतं. आजी पाच-सहा वर्षांची असताना तापानं फणफणली आणि जगायची आशा राहिली नाही. तेव्हा तिच्या बापानं नवस बोलला की ही वाचली, तर मोठीला देवाला वाहीन. आजी वाचली. मोठी तेव्हा बारा वर्षांची होती.

“हळद लावली,” आजी सांगत होती. “नवं लुगडं नेसवलं. भंडारा उधळला. मला वाटलं लगीन हाय. म्या नाचले. ताई मला म्हणली, दोन दिसांनी येते गं. देवाची मान्संबी तेच म्हणली अन् तिला घिऊन गेली. आली नाय.”

लसणाची पाकळी तिच्या बोटांत तशीच होती.

“मग दीक्षा झाली. देव सोडले नदीत. बाप म्हणला, देवच नाय आता, तर पोरगी कुणाची? आणतो तिला. गेला. हुडकली तिला जत्रंत. ती म्हणली, मला वाहिलंय बा. वाहिलेलं फूल कोणी उचलून घरी नेतं का? बाप एकलाच आला. तवापासून घरात तिचं नाव कोणी काढलं नाय. म्याबी नाय.”

नाव तिनं मलाही सांगितलं नाही आणि मीही मागितलं नाही. ती फक्त म्हणाली, “तिला हळद लावली, हितं टक्कल करत्यात, कापडं बदलत्यात, नाव बदलत्यात, अन् नेत्यात. मला म्हायती हाय.”

मला माझी लाज वाटली. मग, माझ्या स्वभावाप्रमाणे, त्या लाजेचा राग आईवर निघाला. मी घरात जाऊन तिला धारेवर धरलं. एवढीच हौस असेल तर पांढरी साडी नेसून शिबिर कर, केस कशाला, म्हातारीला कशाला छळतेस, असं बरंच बोलले आणि आजीनं सांगितलेलं सगळं ओकून टाकलं. आई तेल लावत होती. चाळीस वर्षं एका चुलीशी राबून सासूची ही गोष्ट तिच्याही कानावर आली नव्हती. तिनं हात पुसले, केस तसेच मोकळे सोडून बाहेर गेली आणि आजीच्या पायाशी बसली. मी दारातून बघत होते.

“आत्याबाई, तुमची खुशी नसेल तर अर्ज फाडते,” ती म्हणाली. “पण तुमच्या बहिणीच्या जोडीला मला मोजू नका. त्यांना कोणी विचारलं होतं का?”

“नाय. कोण इचारतंय.”

“मला तिथं मागावी लागते दीक्षा. एकदा नाही, तीनदा. मी मागितली नाही तर कोणी देणार नाही. अन् दहा दिवस झाल्यावर मी म्हणलं, घरी जाते, की चीवर काढून घेतात. कोणी अडवत नाही.”

“अन् अडवलं मंग?”

“तर तुम्ही या मला न्यायला.”

“म्या? ह्या गुडघ्यांनी?”

“रिक्षानं या.”

आजी हसली नाही. दोन दिवस ती आईशी बोललीही नाही. तिसऱ्या दिवशी चहा पिता पिता म्हणाली, “आण तो अर्ज. दस्तखत करते.” सहीला ती दस्तखतच म्हणते. दीक्षेनंतर निघालेल्या रात्रीच्या शाळेत ती सही शिकली आणि तेव्हापासून कुठल्याही कागदावर तिनं अंगठा उठवलेला नाही. तिनं एकेक अक्षर दाबून काढलं, वेलांटी चुकली ती गिरवली, आणि अर्ज आईच्या अंगावर टाकत म्हणाली, “रिक्षाचं ध्यानात ठिव.”

दीक्षेच्या दिवशी आम्ही सगळे विहारात होतो. तिथं अशी रीत आहे की पहिली बट घरच्या माणसानं पांढऱ्या कापडात झेलायची. कापड आजीनं धरलं. कात्री चालली तसे ते केस त्या कापडात पडत गेले, एवढे की आजीला दोन्ही हात लावावे लागले. मी रडत होते, वडील खांबाआड गेले होते, आणि आईचा चेहरा मात्र नुकतंच न्हाऊन अंगणात बसल्यासारखा निवांत होता. मग ती हात जोडून गुडघ्यांवर बसली आणि तिनं पालीतून दीक्षा मागितली. मग दुसऱ्यांदा मागितली, मग तिसऱ्यांदा. तिसऱ्या वेळी तिचा आवाज पहिल्यापेक्षा मोठा होता.

आपल्याकडे निवडलेल्या माणसासाठी शब्दांची कमी नाही. मानकरी घराण्यानं ठरतो. अभिषेक करायला दुसऱ्याचा हात लागतो. वाहिलेलीला तर कोणी काही विचारतच नाही. मी वर्गात हे शब्द समानार्थी म्हणून फळ्यावर एकाखाली एक लिहिले असते आणि मुलींनी ते पाठ केले असते. त्या दिवशी मात्र मला पहिल्यांदा समजलं की आमच्या लोकांनी त्यांतला ‘दीक्षा’ हा, स्वतः मागून घ्यायचा, एकच शब्द का उचलला आणि त्याच्यापाशी आपली कालगणना का सुरू केली. आजीकडे पाहिलं तर ती बोटांवर मोजत होती: एक, दोन, तीन. तिसऱ्यांदा मागणं झालं तेव्हा तिनं मूठ मिटली.

पाचव्या दिवशी सकाळी श्रामणेरींची रांग भिक्षेसाठी आमच्या गल्लीत यायची होती. गल्ली झाडून, पाणी मारून लख्ख केली होती. आजीनं पंधरा वर्षांत तव्याला हात लावला नव्हता. त्या दिवशी तिनं हट्टानं स्वतः भाकरी थापल्या. जरा करपल्या, पण त्यावर बोलायची कुणाची हिंमत नव्हती. रांग आली. अनवाणी, खाली नजर, हातात भिक्षापात्र. आई चौथी होती. डोकं गुळगुळीत झाल्यावर तिचे कान एवढे मोठे आहेत, हे आम्हाला कळलं. वडिलांनी हात जोडले आणि भिक्खुणीला म्हणतात तसं “वंदामि, आर्याजी” म्हणाले. चाळीस वर्षांत त्यांनी तिला अगं-तुगंशिवाय हाक मारलेली गल्लीत कुणी ऐकली नव्हती, त्यामुळे समोरच्या ओट्यावरच्या बायकांनी एकमेकींना कोपरानं ढोसलं.

मग आई आजीसमोर आली आणि चुकली.

सासू समोर दिसली तसा तिचा उजवा हात आपोआप खांद्याकडे गेला, डोक्यावर पदर घ्यायला. पदर नव्हता. तरी ती खाली वाकू लागली, सासूच्या पाया पडायला, जशी दर सणाला पडत आली होती. चीवर अंगावर असेपर्यंत संसारी माणसापुढं वाकायचं नसतं, मग ती सासू असो की राजा. पुढच्या मोठ्या आर्याजी थबकून वळल्या.

“ए! सरळ उभी ऱ्हा!” आजी ओरडली.

श्रामणेरीला ‘ए’ म्हणणं हेही नियमात बसत नाही, पण ते कोण सांगणार? आई सरळ झाली. आजीनं काठी भिंतीला लावली, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि त्या गुडघ्यांवर ती खाली गेली. आधी एक गुडघा, मग दुसरा, मग दोन्ही तळवे, मग कपाळ. आपल्या सुनेच्या पायांसमोर, ओल्या रस्त्यावर. एकदा वाकून वंदन झालं असतं, पण ती तीनदा वाकली. आईला तिला उठवायचं होतं, पण तसं उठवायचं नसतं, म्हणून तिनं भिक्षापात्र घट्ट धरलं आणि म्हणायचं तेवढं म्हटलं, “सुखी होतु.” आजीला उभं करायला आम्ही दोघं लागलो. मग तिनं करपलेली भाकरी पात्रात घातली आणि रांग पुढं गेली. माझे डोळे वाहत होते. ज्या दोन बायकांच्या हाताखाली मी वाढले, त्यांच्याएवढं मोठं मी कुणाला पाहिलेलं नाही, असं मला वाटलं आणि आजही वाटतं.

शेवटच्या दिवशी समारोप दहा वाजता होता. वडील आठलाच गेले. आजी नऊपासून फाटकापाशी प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसली. अकरा वाजले, बारा वाजले. वडिलांचा फोन लागत नव्हता. आजी एकदा माझ्याकडे बघायची, एकदा रस्त्याकडे. साडेबाराला ती उठली.

“नाय सोडलं,” ती म्हणाली. “मपल्या चपला दे. रिक्षा बोलाव.”

“आजी, कार्यक्रम लांबला असेल गं.”

“बापबी असाच म्हणत बसला व्हता. रिक्षा बोलाव म्हणते ना!”

मी कोपऱ्यावरून रिक्षा आणली. आजीचा एक पाय आत होता, दुसरा मी उचलून देत होते, तेवढ्यात समोरून दुसरी रिक्षा आली आणि तिच्यातून वडिलांच्या मागोमाग आई उतरली. पांढरी साडी, हातात पिशवी, डोक्यावर नुकते उगवलेले पांढरट खुंट.

“कामून उशीर?” आजीनं विचारलं. पाय अजून रिक्षातच होता.

“भाषणं संपेनात, आत्याबाई.”

“अडवलं का कोणी?”

“नाही. मी म्हणलं घरी जाते. आर्याजी ‘जा’ म्हणाल्या.”

“येवढंच?”

“एवढंच.”

आजीनं पाय खाली घेतला. रिक्षावाल्यासकट आम्ही सगळे उभे होतो. तिनं दोन्ही हात वर केले, आईचं डोकं धरलं आणि कपाळापासून मानेपर्यंत, पुन्हा मानेपासून कपाळापर्यंत ते चाचपलं. मग तिनं एका नावानं हाक मारली. ते आईचं नाव नव्हतं, विहारात मिळालेलंही नव्हतं. ते नाव आमच्या घरात कुणी कधी ऐकलेलं नव्हतं.

आईनं क्षणभर तिच्याकडे पाहिलं आणि ओ दिली.